ग्रंथाची भेट

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबईतील सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. मनुष्य जन्माने नव्हे, तर आचरणाने श्रेष्ठ ठरतो, हा बुद्धाचा विचार अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या त्या विद्यार्थ्याच्या मनात रुजला.

१९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. परंतु घाई केली नाही. ते धर्मग्रंथ अभ्यासत राहिले, पाली भाषा शिकले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले. तरी त्याच वर्षाच्या अखेरीस ते रंगूनच्या बौद्ध परिषदेस गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भंडारा जिल्ह्यातील असंख्य घरांत आज बुद्धवंदना होते.