फातिमाबाई इस्माईल

मुलांनो, मुंबईला हाजी अलीजवळ अपंग बालकांसाठी रुग्णालय उभे राहिले ते फातिमाबाई इस्माईल यांच्या धडपडीतून. त्या डॉक्टर नव्हत्या. जन्म १९०३ चा. स्वातंत्र्यलढ्यातले उमर सोबानी हे त्यांचे बंधू.

त्यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला. त्या वेळी पोलिओची लस नव्हती. ती आली १९५५ साली. मुलीला घेऊन बाई मद्रासला गेल्या, पुण्याला गेल्या. रोज नेटाने व्यायाम करून घेतला. पण ज्या आईला गाडीभाडेही जड, तिने काय करावे? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली डॉ. बाळिगा यांनी चौपाटीवरचा आपला दवाखाना देऊ केला आणि तेथे काम सुरू झाले.

नुसत्या शस्त्रक्रियेने मूल चालत नाही. पुढे महिनोन् महिने व्यायाम, कॅलिपर, वाढत्या वयाबरोबर तो बदलणे, हे सारे लागते. आईबापांची त्यात फार फरफट होई. मोठेपणी पोट कसे भरायचे, हा प्रश्न वेगळाच. त्यासाठीही बाईंनी अपंगांना काम देणारी संस्था काढली.

१९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ साली राज्यसभेवर नेमणूक झाली. १९८७ साली त्या गेल्या.