सरदार वल्लभभाई आणि संस्थानांचे विलीनीकरण

भारताचा नकाशा काढताना आम्ही विद्यार्थी त्याची सीमारेषा सहज रेखाटतो. परंतु १९४७ पूर्वी याच भूमीवर ब्रिटिश मुलखाच्या जोडीला साडेपाचशेंहून अधिक संस्थाने होती. आमचे बडोदे त्यांपैकीच एक. ही सर्व एका राष्ट्रात आणण्याचे श्रेय मुख्यतः सरदार वल्लभभाई पटेल यांस आहे.

वल्लभभाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियाद येथे शेतकरी कुटुंबात झाला. वकिली करून साठविलेल्या पैशावर ते विलायतेस गेले आणि १९१३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढे गांधीजींच्या सहवासाने त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. १९२८ मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या नेतृत्वाखाली सारावाढीविरुद्ध यशस्वी लढा दिला, आणि ते सरदार म्हणून सर्वमुखी झाले.

इंग्रजांबरोबर संस्थानांवरील त्यांची अधिसत्ताही संपणार होती. भारतात यावे, पाकिस्तानात जावे की वेगळे राहावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थानिकापुढे उभा राहिला. जुलै १९४७ मध्ये संस्थान खाते सरदारांकडे आले, तेव्हा हाती अवघे सहा आठवडे होते. सचिव व्ही. पी. मेनन यांच्या साह्याने त्यांनी कार्य आरंभिले. प्रथम त्यांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच तीन विषय मागितले. कोणास देशाभिमानाची आठवण दिली, तर कोणास प्रजेच्या असंतोषाची. १५ ऑगस्टपर्यंत बहुतेक संस्थाने सामील झाली.

जुनागड, काश्मीर व हैदराबाद हे मोठे प्रश्न मात्र उरले. जुनागडच्या नवाबाने पाकिस्तानची वाट धरली, पण फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रजेने मतदानाने भारताच्या बाजूने कौल दिला. हैदराबादेत वाटाघाटी फसल्यावर सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य धाडावे लागले व पाच दिवसांत निजाम शरण आला. त्या धामधुमीत आणि तिच्यामागून अनेक निरपराध माणसेही बळी पडली, हे विसरून चालणार नाही.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य सोडणाऱ्या राजांस सालिना तनखे देण्याचे ठरले होते. त्यावर टीका होताच, दिला शब्द राष्ट्राने पाळलाच पाहिजे, अशी बाजू सरदारांनी संविधान सभेत मांडली. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने हे तनखे बंद झाले. तो शब्द मोडणे योग्य होते काय, यावर आजही मतभेद आहेत.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचे देहावसान झाले. ज्याच्याकडून सर्वस्व मागावयाचे त्याचा मान राखावा आणि निरुपाय झाल्यावाचून बळ वापरू नये, हाच त्यांच्या चरित्रातून आम्हांस मिळणारा धडा होय.