निरक्षर बादशहाचे पत्ते

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव आहे. आठवडी बाजारात झाडाखाली पत्ते कुटत बसलेली मंडळी दिसली, की बाबा मान फिरवून पुढे जातात. बाबा शिंपीकाम करतात. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अंगाचे माप ते नुसत्या नजरेने सांगतात, पण कागदावर सहीच्या जागी अंगठा उठवतात. अशा घरातून मी किनवटच्या महाविद्यालयात आलो आणि बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी मला नेमका पत्त्यांचाच नाद लागला. अर्थात हा नाद खेळण्याचा नव्हे, वाचण्याचा. झाले असे, की इतिहासाच्या तासासाठी अकबर बादशहाविषयी वाचत असताना त्याने स्वतः आखलेल्या पत्त्यांची हकीकत माझ्या हाती लागली. अकबराच्या लढाया आपण सर्वांनी पाठ केल्या आहेत. पत्ते मात्र कोणी शिकवले नव्हते.

१५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे अकबराचा जन्म झाला. बाप हुमायून तेव्हा राज्य गमावून वाळवंटात भटकत होता. त्यामुळे मुलाचे बालपण काबूलकडे, नातेवाइकांच्या हाती गेले. शिकवायला एकामागून एक उस्ताद नेमले गेले, पण या मुलाचे मन कबुतरांत, घोड्यांत आणि शिकारीत. तो लिहाय-वाचायला शिकला नाही तो नाहीच. १५५६ साली हुमायून वारला आणि तेरा वर्षांच्या अकबराला कलानौर येथे गादीवर बसवण्यात आले. त्याच वर्षी पानिपतावर हेमूचा पराभव झाला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे या निरक्षर माणसाने हिंदुस्थानच्या फार मोठ्या भागावर राज्य केले.

निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, हे मला घरात बाबांकडे पाहून ठाऊक होते. पुस्तकांत ते अकबराकडे पाहून कळले. तो रोज विद्वानांकडून ग्रंथ वाचून घेई. वाचणारा जिथे थांबेल तिथे स्वतःच्या हाताने खूण करी आणि किती पाने वाचून झाली त्या हिशोबाने त्याला बक्षीस देई. महाभारताचे त्याने फारसीत भाषांतर करवले आणि त्यात चित्रे काढवून घेतली. हमजानामा या अद्भुत कथांच्या ग्रंथासाठी सुमारे चौदाशे चित्रे तयार झाली, आणि त्या कामाला पंधरा-एक वर्षे लागली. ज्याला अक्षर दिसत नाही त्याला चित्र अधिक दिसत असेल काय?

पत्त्यांकडे वळण्यापूर्वी थोडी माहिती द्यायला हवी. आज आपण खेळतो ते बावन्न पत्ते युरोपियनांनी आणले. त्याआधी आपल्याकडे गंजिफा होत्या. हा खेळ इराणकडून आला. अकबराचा आजा बाबर याने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. आपल्या इस्पिक-बदामासारखे गंजिफांतही रंग असतात. प्रत्येक रंगात बारा पाने : एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा साधी पाने.

अकबराने काय केले, हे अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत तपशीलवार नोंदवले आहे. बादशहा बारा रंगांचा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस पानांचा डाव खेळे. पूर्वी बारा रंग असले तरी बारा राजे बारा तऱ्हेचे असावेत याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. अकबराच्या डावात प्रत्येक राजाला स्वतःचे जग होते. अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा घोड्यावर, गजपती ओरिसाच्या राजासारखा हत्तीवर, नरपती विजापूरच्या राजासारखा सिंहासनावर आणि भोवती पायदळ. गढपतीकडे किल्ला, धनपतीकडे खजिना, दलपतीकडे फौज, नौपतीकडे नावा. एका रंगात राणी, तिची वजीरही स्त्री आणि बाकीच्या दहाही पानांवर स्त्रियाच. त्यानंतर कल्पनेची भरारी सुरू होते. सुरपती म्हणजे देवांचा राजा इंद्र. असुरपती म्हणून दाऊदचा पुत्र सुलेमान. वनपती वाघ, आणि त्याचा वजीर चित्ता. शेवटी अहिपती, म्हणजे नागांचा राजा. एका डावात दिल्ली, ओरिसा आणि विजापूर, आणि त्याच डावात इंद्र, सुलेमान आणि नाग! या पानांवर काय आहे हे ओळखायला अक्षर लागत नाही. चित्र पाहावे आणि मोजावे. बादशहाला स्वतःला वाचता येत नव्हते म्हणूनच त्याला पत्त्यांत एवढा रस वाटला असावा, असे मला वाटते.

पण माझे मन खरे अडकले ते पुढच्या मजकुरावर. अकबराने आणखी एका आठ रंगांच्या डावातही फेरफार केले. त्यातील राजे सोने वाटतात, फर्माने तपासतात, गाणे ऐकतात, तलवार पारखतात. वजीर देखरेख करतात. आणि साध्या पानांवर? तिथे काम करणारी माणसे आहेत. सोन्याच्या रंगात धातू वितळवणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा. फर्मानांच्या रंगात कागद करणारा, रेघा आखणारा, नक्षीकाम करणारा, पुस्तक बांधणारा. तलवारीच्या रंगात शस्त्रे घडवणारे आणि त्यांना झिलई देणारे. मुकुटाच्या रंगात शिंपी.

शिंपी! ते वाचताना मी ग्रंथालयात एकटाच हसलो. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या बादशाही पत्त्यांत बाबांच्या धंद्याला जागा होती.

ही हकीकत सांगताना भारावून जाणे सोपे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाजूही सांगावी. त्याच आठ रंगांत एक रंग गुलामांचा होता. १५६८ साली चितोड पडल्यावर याच अकबराच्या हुकमाने हजारो माणसांची कत्तल झाली. पानावर कारागीर आला तरी त्याचे नाव आले नाही. शिवाय कितीही चांगला शिंपी असो, राजाचे पान पडले की तो हरणारच. तरीही त्या दरबारात खालून वर येण्याची एक वाट होती, असे दसवंताच्या उदाहरणावरून दिसते. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढीत असे. अकबराची नजर त्याच्यावर गेली, त्याने त्याला ख्वाजा अब्दुस्समदच्या हाताखाली दिले, आणि थोड्याच काळात तो दरबारातील पहिल्या प्रतीचा चित्रकार झाला. पुढे मनोविकाराने त्याने स्वतःचा अंत करून घेतला. ही वाटही सोपी नव्हती.

आपल्या भागाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये आपल्या शेजारचे माहूर आहे. ज्या ग्रंथात ते पत्ते आहेत त्याच ग्रंथात माहूरही आहे! किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळ गावचे नक्काश लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध, आणि गंजिफाही तिथे रंगवल्या जात. महाराष्ट्रात ही कला सावंतवाडीला टिकली. तिथला दशावतारी डाव एकशेवीस गोल पानांचा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंगांचा. दिवसा खेळताना रामाच्या राजाने सुरुवात करायची, रात्री कृष्णाच्या. ही कला मरू घातली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या मदतीने तिला सावरले. आजही तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात.

१६०२ मध्ये अबुल फजलचा खून झाला. त्यामागे शहजादा सलीम, म्हणजे अकबराचाच मुलगा होता. मित्राच्या मृत्यूने बादशहा खचला. ऑक्टोबर १६०५ मध्ये आग्र्यास त्याचा अंत झाला, आणि सिकंदरा येथे त्याची कबर आहे. त्याच्या पत्त्यांची ओळख आपल्याला होते ती अबुल फजलच्या लेखणीतून. वाचता न येणाऱ्या माणसाची कल्पना लिहिता येणाऱ्या मित्रामुळे टिकली.

दिवाळीच्या सुटीत मी पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा कापला आणि त्यावर सुई घेऊन बसलेला शिंपी रंगवला. भीतभीतच बाबांना दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. पत्ता म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी तो उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला आणि चूक काढली. शिंप्याच्या बोटात अंगुस्तान नाही, सुई बोटात घुसेल, असे ते म्हणाले. मी अंगुस्तान रंगवून दिले. घरात पत्त्यांना अजूनही मज्जावच आहे, पण ते एक पान बाबांच्या शिलाई मशीनच्या खणात आहे.