मोटारीच्या 'सेल्फ'चा जनक

जुनी जीप सकाळी सुरू होईनाशी झाली, की मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेल्फ लागतो का? 'सेल्फ स्टार्टर' या नावाचा हा अर्धा तुकडा आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्यामागे एका माणसाची कित्येक वर्षांची मेहनत आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग हे त्या अमेरिकन अभियंत्याचे नाव. बॅटरी, कॉइल, डायनॅमो आणि सेल्फ यांची जी साखळी जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली दिसते, तिची मूळ जुळणी बहुतांशी त्यांची. आणि ही साखळी कुठे तुटली हे शोधण्याची शिस्त हे त्यांच्या कामाचे मोठे बळ होते.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. काही काळ त्यांनी शाळेत शिकविले. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी नाव घातले, पण डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच सोडावे लागले. त्या काळात ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीबरोबर काम करीत होते. मैलोगणती तारेत दोष नेमका कोठे आहे हे हुडकणे हा त्या कामाचाच भाग. विद्यापीठात परतून १९०४ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

त्याच वर्षी ते डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर जोडली. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही. क्षणभर जोर लावते आणि थांबते. त्यामुळे लहानशा मोटरीवर थोडा वेळ तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही. हा धडा पुढे फार उपयोगी पडला.

कंपनीतील सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. नोकरीचे तास संपले की केटरिंग आणि त्यांचे मित्र तेथे जमत आणि मोटारीच्या विजेवर प्रयोग करीत. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न बॅटरी उतरण्याचाच होता. त्या वेळच्या कॉइल ठिणग्यांचा नुसता सडा पाडीत आणि कोरड्या बॅटऱ्या झपाट्याने संपवीत. नेमक्या क्षणी एकच जोमदार ठिणगी पडेल अशी व्यवस्था केटरिंग यांनी केली. कॅडिलॅक कंपनीने ती स्वीकारली आणि १९०९ मध्ये डीड्स यांच्यासह त्यांनी स्वतःची कंपनी काढली. डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी या लांबलचक नावाचे लघुरूप म्हणजे 'डेल्को'.

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. कधी जबड्यावर घाव बसे. अशाच एका अपघातानंतर मोटार उत्पादक बायरन कार्टर यांचा १९०८ मध्ये मृत्यू झाला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी त्यामुळेच हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, असे सांगितले जाते. इंजिन फिरवायचे तर जवळजवळ इंजिनाएवढीच मोटर लागेल, अशी जाणकारांची समजूत होती. केटरिंग यांना गल्ल्याची मोटर आठवली. सेल्फला काही सेकंदच काम करायचे होते. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकवर त्यांची यंत्रणा यशस्वी ठरली आणि कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांत ती बसविली गेली. इंजिन सुरू झाले की तीच मोटर डायनॅमो बनून बॅटरी भरीत असे. दिवे आणि ठिणगी यांची वीजही तेथूनच मिळे. हँडल मारण्याइतके बळ नसलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, पेट्रोलची मोटार एकट्याने चालविणे शक्य झाले ते यानंतर.

या रचनेचे पुढचे रूप दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये दिसते. तिची विद्युत उपकरणे दुसऱ्या कंपनीची आणि ६ व्होल्टची होती, सेल्फ आणि डायनॅमो वेगवेगळे झाले होते. परंतु मांडणीमागचे तत्त्व तेच होते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ती वायरिंग आपल्या मेकॅनिकांच्याही हाताखाली आली.

अशा जुन्या जीपची बॅटरी रातोरात उतरते, तेव्हा दोष शोधण्याचा क्रम केटरिंग यांच्या पद्धतीशी जुळतो. अंदाजाने सुटे भाग बदलीत बसायचे नाही. बॅटरी पूर्ण भरून तिच्या तारा सोडवायच्या आणि तशीच रात्रभर ठेवायची. तरीही उतरली तर दोष बॅटरीत. टिकली तर वीज गाडीतच कुठेतरी गळते आहे. मग सर्व स्विच बंद करून बॅटरी आणि तिची तार यांच्यामध्ये ॲमीटर जोडायचा. जुन्या जीपमध्ये घड्याळ नाही की संगणक नाही. काटा शून्यावरच हवा. तो हलला तर एकेक फ्यूज किंवा वायर सोडवीत जायचे. ज्या क्षणी काटा शून्यावर येईल, ती वाट चोराची. मात्र ॲमीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. तेवढा प्रवाह त्या मापकाला झेपत नाही.

डायनॅमोच्या जीपमध्ये हा चोर बहुधा कटआउटमध्ये सापडतो. इंजिन बंद झाले की बॅटरीची वीज डायनॅमोत उलटी जाऊ न देणे हे त्याचे काम. त्याचे पॉइंट चिकटले, की बॅटरी रात्रभर डायनॅमोत रिकामी होत राहते. किल्ली चालू राहिली आणि इग्निशनचे पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. काहीच गळत नसेल, तर इंजिन चालू असताना व्होल्ट मोजावेत. १२ व्होल्टच्या गाडीत ते १४ च्या आसपास हवेत, ६ व्होल्टच्या गाडीत सुमारे ७. त्याहून कमी भरले तर बॅटरी मुळात भरतच नाही. आणि बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ नुसताच टक् आवाज करीत असेल, तर चासीवर गंजलेले अर्थिंग आधी घासून पाहावे.

हीच चिकाटी केटरिंग यांनी इंजिनाच्या 'नॉकिंग'वर लावली. चढावर इंजिन खडखडू लागले की लोक त्यांच्या बॅटरी इग्निशनलाच बोल लावीत. केटरिंग आणि त्यांचे तरुण सहकारी थॉमस मिडग्ले यांनी शोध घेतला, तेव्हा दोष इंधनाच्या ज्वलनात निघाला. इंधन लाल रंगाचे असेल तर फरक पडेल, या कल्पनेने त्यांनी आयोडीन मिसळले आणि खडखड कमी झाली. लगेच त्यांनी इतर रंगही तपासले. त्यांचा उपयोग झाला नाही. गुण रंगाचा नसून आयोडीनचा होता. पुढे असंख्य द्रव्ये चाचपून ९ डिसेंबर १९२१ रोजी ते टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगापाशी पोहोचले.

एव्हाना केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले होते. १९२० ते १९४७ अशी २७ वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली. अपयशही त्यांच्या वाट्याला आले. हवेने थंड होणाऱ्या तांब्याच्या पंख्यांचे इंजिन असलेल्या शेव्हरोले मोटारी १९२३ मध्ये परत घ्याव्या लागल्या, तेव्हा त्यांनी राजीनामा देऊ केला. अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी तो स्वीकारला नाही. रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या विकासात पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला. न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्था १९४५ मध्ये या दोघांच्याच नावाने उभी राहिली.

शिशाच्या बाबतीत मात्र त्यांची शिस्त अर्ध्यावर थांबली. शिसे विषारी आहे हे जुनेच ज्ञान होते. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग बनविताना विषबाधेने पाच कामगार दगावले, कित्येक आजारी पडले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये वाट पुन्हा मोकळी झाली. नंतरची अनेक दशके जगभरच्या शहरांतील मुलांच्या श्वासात हे शिसे जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. अल्जीरिया या शेवटच्या देशात ते २०२१ पर्यंत विकले जात होते.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे वयाच्या ८२ व्या वर्षी केटरिंग यांचे निधन झाले. बॅटरीतून वीज कोठे जाते, याचा हिशेब त्यांनी कसोशीने ठेवला. धुराड्यातून बाहेर पडणारे शिसे कोठे जाते, हा हिशेब मात्र त्यांनी मांडला नाही. तो पुढच्या पिढ्यांना मांडावा लागला.