मोडक्या तलवारीचा धनी

तालीम हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे तांबडी माती, जोर-बैठका, मलखांब आणि कमरेवर हात ठेवून उभे असलेले वस्ताद येतात. परंतु शरीर घडविण्याची विद्या ही काही एकाच देशाची मिरास नव्हे. बंगालच्या उपसागरापलीकडे जो थायलंड देश आहे व ज्यास पूर्वी सयाम म्हणत असत, तेथे मुए थाय नावाची एक युद्धकला कित्येक शतके चालत आली आहे. तीत केवळ मुठींनीच नव्हे, तर कोपर, गुडघे व नडग्या यांनीही प्रहार करतात. दोन मुठी, दोन कोपरे, दोन गुडघे व दोन पाय मिळून आठ आयुधे होतात. म्हणून तिला अष्टांगांची कला असेही म्हणतात. आज ती हातमोजे घालून, दोरखंडांनी वेढलेल्या चौथऱ्यावर खेळली जाते. पण हे रूप १९२० नंतरचे. त्यापूर्वी उघड्या मैदानात, मुठींना कच्च्या सुताची दोरी गुंडाळून हे वीर एकमेकांशी भिडत. या कलेच्या जोरावर एक खेडवळ पोर एका प्रांताचा अधिपती कसा झाला व त्याचा शेवट कसा झाला, ती हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. तिच्यातील लढाया व राजकारण इतिहासाने नोंदलेले आहे. बालपणाचा भाग मात्र बहुतेक लोकपरंपरेने जपलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उत्तर सयामातील फिचाई गावाजवळच्या एका खेड्यात १७४१ साली या मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव चोय. आज हा मुलूख उत्तरदित प्रांतात मोडतो. उत्तरदित म्हणजे आपले उत्तरतीर्थ, आणि फिचाई म्हणजे विजय. त्या देशाच्या नकाशावरून बोट फिरवू लागले की अशी ओळखीची नावे जागोजागी भेटतात. सुखोथाई हे सुखोदय, सवंखलोक हे स्वर्गलोक आणि राजधानी अयुथया ही तर उघड उघड अयोध्या. एवढेच काय, त्या लोकांचा शिक्षकासाठी असलेला ख्रू हा शब्दही आपल्या गुरूचेच रूप आहे.

चोयच्या घरी मुले झाली, पण बहुतेक लहानपणीच गेली. उरलेल्या या पोरास बापाने आठव्या वर्षी फिचाईच्या महाथात विहारात अध्ययनासाठी ठेवले. त्या काळी सयामात विहार हीच शाळा होती. भिक्षूंची सेवा करावी, अंगण झाडावे, पाणी भरावे व अक्षरे गिरवावी, असा क्रम असे. चोय लिहावाचायला शिकला. पण त्याचे मन रमे ते गावच्या जत्रेतील मुष्टियुद्धात. बापास हे ठाऊक होते. त्याने मुलास मना केले नाही. आधी अक्षरे पक्की कर, मग हवे ते शीक, एवढीच अट घातली, असे सांगतात.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास एक प्रकरण घडले. फिचाईच्या सुभेदाराने आपल्या मुलास त्याच विहारात शिकण्यासाठी आणून ठेवले. बड्या घरचे पोर व त्याचे सोबती चोयची खोडी काढीत, त्याला छळीत. एके दिवशी त्याचा संयम सुटला व त्याने त्या सर्वांना लोळविले. सुभेदाराच्या मुलावर हात टाकणे म्हणजे काय, हे त्या वयातही त्याला कळत होते. आईबापांस न सांगता तो विहारातून पळाला व नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे चालू लागला.

वाटेत बान केंग येथे थियांग नावाचे मुष्टियुद्धाचे गुरू त्याला भेटले. त्यांच्या पायांशी तो राहिला. माग लागू नये म्हणून त्याने चोय हे नाव टाकून थोंगदी हे नाव घेतले. त्याचा अर्थ चांगले सोने. त्या काळी सयामात लहानथोर सारेच पानसुपारी खात व काळे दात हे सभ्यतेचे लक्षण मानीत. हा पोरगा मात्र विड्याला शिवत नसे. त्यामुळे त्याचे दात पांढरेशुभ्र राहिले, आणि पांढऱ्या दातांचा थोंगदी हेच त्याचे नाव पडले. ज्यांच्या घरी पाहुण्यापुढे पानाचे तबक आल्यावाचून आदरातिथ्य पुरे होत नाही, अशा आम्हां मंडळींस या टोपणनावाची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

आता त्याच्या शिक्षणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. गुरूच्या घरी येणाऱ्यास पहिल्याच दिवशी डावपेच मिळत नसत. लाकडे फोडणे, पाणी वाहणे, उखळात भात कांडणे ही कामे आधी करावी लागत. वरवर पाहता ही घरची चाकरी. पण कांडताना खांदे व कंबर तयार होते आणि पाण्याच्या कावडीने पाय घट्ट होतात, हे गुरू जाणून असत. पुढे नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून प्रहारांचा सराव चाले. पाण्याच्या अडथळ्याने हातपाय जड होत आणि तोंडावर शिंतोडे उडाले तरी डोळे न मिटण्याची सवय लागे. दोऱ्याने लिंबे टांगून त्यांवर मूठ व कोपर चालवीत. झोका घेऊन परत येणारे लिंबू चुकविणे हा त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग. प्रतिस्पर्धी काही एका जागी उभा राहून मार खात नाही, हे लिंबू फार लवकर शिकविते!

लाथेसाठी केळीचा खांब असे. केळीचे खोड हे खरे खोड नव्हेच. सोपटांवर सोपटे चढून ते बनलेले असते व त्यात पाणी भरपूर असते. म्हणून ते नडगीला इजा न करता तिची परीक्षा घेते. हाड ही निर्जीव काठी नव्हे. त्यावर वारंवार पण बेताचा भार पडत राहिला म्हणजे ते हळूहळू अधिक घट्ट होते, ही गोष्ट शरीरशास्त्राने सिद्ध केलेली आहे. भार एकदम व अवाजवी पडला तर तेच हाड तडकते. म्हणून या विद्येत घाई चालत नाही. नडगी तयार होण्यास महिने नव्हे, वर्षे लागतात. आमच्या वाचकांपैकी कोणी परसातील घड धरलेल्या केळीवर हा प्रयोग करू नये, एवढी विनंती आहे. नाहीतर घरची वडीलधारी माणसे तक्रार घेऊन आमच्याचकडे यायची.

थियांग गुरूंजवळची विद्या पुरी झाल्यावरही थोंगदीची भूक शमली नाही. था साव येथे मेख नावाचे गुरू लाथांच्या चपळाईबद्दल प्रसिद्ध होते. मेख म्हणजे आपला मेघच. त्यांच्याकडे जाऊन त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. था सावच्या त्या परंपरेचे नाव मुए थायच्या प्रादेशिक पद्धतींत आजही घेतले जाते. एकदा चिनी नाटक मंडळींचा खेळ आला असता नटांच्या कोलांटउड्या पाहून तो थक्क झाला. लोक नाटक पाहून घरी गेले. हा मात्र रोज जाऊन त्या उड्यांचे निरीक्षण करी व एकांतात त्यांचा अभ्यास करी. पुढे सवंखलोकला जाऊन तो दोन्ही हातांत दोन तलवारी घेऊन लढण्यास शिकला, आणि सुखोथाईस एका चिनी जाणत्याकडून त्याने त्यांची मुष्टिविद्याही आत्मसात केली. आम्हांला या माणसाच्या चरित्रात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. गावोगावच्या झुंजी जिंकलेला जवान नव्या गुरूच्या दारी पुन्हा पाणी भरायला उभा राहतो, हे सोपे नाही. जिंकलेल्या माणसास शिकवणे किती कठीण असते, हे आमच्या व्यवसायातील कोणालाही विचारावे.

सुखोथाईहून तो ताक या शहरी गेला. (आपल्या ताकाशी या नावाचा काही संबंध नाही.) तेथे त्या वेळी राजनिष्ठेची शपथ घेण्याचा समारंभ चालला होता. मंत्रून शस्त्रांचा स्पर्श केलेले पाणी प्राशन करून अधिकारी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत आणि त्यानिमित्त झुंजीही होत. थोंगदीने मैदानात उतरून हाओ नावाच्या नामांकित गुरूशी सामना मागितला. प्रेक्षक हसले असावेत. पण थोड्याच वेळात हाओ बेशुद्ध होऊन पडले होते. ताकचा सुभेदार हा सामना पाहत होता. तो स्वतः या कलेचा षोकी होता व वयाने थोंगदीपेक्षा सातच वर्षांनी मोठा. त्याने या जवानास तेथल्या तेथे आपल्या चाकरीत घेतले. हाच पुढे इतिहासात राजा ताकसिन म्हणून प्रसिद्ध झाला. थोंगदीने एक वर्षाऋतू भिक्षू होऊन काढला, मग त्याचा विवाह झाला व त्यास लुआंग फिचाई आसा ही पदवी मिळाली. आपल्याकडे पानिपतचा रणसंग्राम झाला तो याच सुमाराचा काळ.

यापुढील पाच-सहा वर्षे सयामवर मोठ्या संकटाची गेली. ब्रह्मदेशाच्या फौजांनी अयुथयेला वेढा घातला. राजधानी वाचत नाही असे दिसताच १७६७ च्या जानेवारीत ताकसिन सुमारे ५०० लोकांनिशी वेढा फोडून पूर्वेकडे निसटला. फिचाई त्या वेळी त्याच्यासोबत होते. एप्रिलमध्ये अयुथया पडली व जाळली गेली. जूनमध्ये ताकसिनने चंथाबुरीवर हल्ला केला. आदल्या रात्री जेवण होताच त्याने सैन्याला स्वयंपाकाची भांडी फोडावयास लावली. दुसऱ्या दिवशीचे जेवण शहरात, नाहीतर कोठेच नाही. शहर हाती आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने शत्रूला अयुथयेच्या परिसरातून हुसकून लावले आणि थोनबुरी येथे नवे राज्य स्थापिले. एका वर्षात राज्य बुडून पुन्हा उभे राहिल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

१७७० मध्ये उत्तरेकडील बंड मोडल्यावर ताकसिनने आपल्या या सरदारास फ्रया ही मोठी पदवी देऊन फिचाईचा अधिपती नेमले. ज्या गावातून चौदा वर्षांचा पोर सुभेदाराच्या भीतीने पळाला, त्याच गावी तो सुभेदार होऊन परतला. आल्यावर त्यांनी सूड घेतल्याचे कोठे सांगत नाहीत. सांगतात ते एवढेच, की त्यांनी आईला आपल्याकडे आणले, आणि थियांग व मेख या दोन्ही गुरूंना त्यांच्या त्यांच्या गावचे मुखत्यार केले.

१७७३ च्या सुमारास बो सुप्ला नावाच्या ब्रह्मी सेनानीने फिचाईवर चाल केली. गावाबाहेर एका विहाराजवळ हातघाईची लढाई जुंपली. फ्रया फिचाई दोन्ही हातांत तलवारी घेऊन आघाडीवर होते. लढता लढता त्यांचा पाय घसरला. तोल सावरण्यासाठी त्यांनी एक तलवार जमिनीत रोवली. अंगाचा सारा भार तिच्यावर आला व ती मध्येच मोडली. त्याच क्षणी शत्रूने वार केला. ते उठले व एक तलवार सबंध, एक मोडकी, अशा स्थितीत लढत राहिले. शत्रूस माघार घ्यावी लागली. तेव्हापासून लोक त्यांना फ्रया फिचाई दाप हक, म्हणजे मोडक्या तलवारीचे फ्रया फिचाई, म्हणू लागले.

ताकसिनची अखेरची वर्षे दुःखाची झाली. त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, असे बखरी सांगतात. १७८२ मध्ये राजधानीत बंड झाले. सेनापती चक्री यांनी ६ एप्रिल रोजी सत्ता हाती घेतली आणि ताकसिनला देहदंड झाला. नव्या राजाला फिचाईंची योग्यता ठाऊक होती. त्यांनी आपली सेवा पत्करावी, असे त्याने सुचविले, अशी परंपरा आहे. फिचाईंनी ते मानले नाही. आपण ज्याचे पाणी प्यालो त्याच्यामागे दुसऱ्याची चाकरी करणे नाही, आपल्यालाही धन्याच्या वाटेने पाठवावे, मुलाचा मात्र सांभाळ व्हावा, अशी त्यांनी मागणी केली. ती मान्य झाली. त्या वेळी त्यांचे वय ४१ होते.

हा भाग वर्गात सांगितला की मुले हटकून विचारतात, त्यांनी मरायलाच हवे होते का? आम्हांला या प्रश्नाचे सोपे उत्तर देता येत नाही. घरी मुले होती, हाताखाली प्रांत होता, आणि जे त्यांच्याइतके जाणत होते असे शिकविणारे त्या मुलखात फार नसतील. त्यांच्याबरोबर किती विद्या गेली, याची आम्हां शिक्षकांस हळहळ वाटते. पण ताकच्या त्या समारंभात त्यांनी निष्ठेचा अर्थ काय मानला, तो आपल्या सोयीने बदलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. त्यांच्या मुलाने पुढे नव्या राजघराण्याची चाकरी केली, आणि विसाव्या शतकात सहाव्या राम राजाने त्या वंशास विजयखड्ग या अर्थाचे आडनाव बहाल केले.

उत्तरदित शहरात १९६९ साली त्यांचा पुतळा उभारला गेला. पुतळ्याच्या हाती दोन तलवारी आहेत, त्यांतील एक मोडलेली. जवळच्याच नाम फी खाणीचे लोखंड शस्त्रांसाठी पूर्वीपासून नावाजलेले आहे. त्यांच्या अस्थी थोनबुरी भागातील एका विहाराच्या स्तूपात ठेवल्या आहेत, असे मानतात. त्या विहाराचे नाव राजगृह.