डार्विन यांचा अखेरचा ध्यास : गांडूळ

उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे चार्ल्स डार्विन शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. सजीवांच्या उत्पत्तीविषयीच्या त्यांच्या ग्रंथाने १८५९ मध्ये साऱ्या जगात खळबळ उडवली. मात्र या थोर शास्त्रज्ञाचे अखेरचे पुस्तक वाहिलेले होते, ते बागेतल्या गांडुळांना.

इंग्लंडमधील श्रूजबरी येथे १२ फेब्रुवारी १८०९ रोजी जन्मलेले डार्विन 'बीगल' जहाजावरील सुमारे पाच वर्षांची सफर आटोपून १८३६ मध्ये मायदेशी परतले. पुढील वर्षी त्यांचे मामा जोसाया वेजवूड यांनी त्यांना आपले एक कुरण दाखवले. काही वर्षांपूर्वी त्यावर पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता जमिनीखाली काही इंचांवर थर करून बसली होती. हे काम गांडुळांचे असावे, असा मामांचा तर्क होता. गांडुळे खालची माती गिळतात आणि विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात. साहजिकच पृष्ठभागावरील वस्तू हळूहळू गाडल्या जातात. डार्विन यांनी हा विचार त्याच वर्षी लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे मांडला. १८३९ मध्ये मामेबहीण एमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८४२ मध्ये हे दाम्पत्य केंट परगण्यातील डाउन हाउस येथे राहावयास आले. प्रकृती सतत साथ देत नसल्याने डार्विन यांनी या घराची बाग हीच आपली प्रयोगशाळा केली. तेथे त्यांनी तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा जमिनीचा तुकडा खणून स्वच्छ केला आणि त्यात उगवणारे तणाचे प्रत्येक रोप खूण करून मोजले. ३५७ रोपांपैकी २९५ नष्ट झाली. बहुतेक गोगलगायी आणि किडींनी फस्त केली. माळी ज्याला निव्वळ उपद्रव समजतो, त्या तणातही जगण्याची केवढी झुंज चालते, हे त्यातून दिसले.

गांडुळांसाठी मात्र याहून अधिक धीर हवा होता. १८४२ च्या डिसेंबरमध्ये डाउनच्या एका शेतात चुनखडीचे तुकडे पसरण्यात आले. १८७१ मध्ये, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी, तेथे चर खणला, तेव्हा ते तुकडे सात इंच खोल सापडले. दरम्यान १८६९ मध्ये एका टीकाकाराने एवढ्याशा दुबळ्या जिवाकडून असे प्रचंड काम होणे अशक्य ठरवले होते. क्षुल्लक कारणही दीर्घकाळ घडत राहिले तर त्याचा परिणाम अफाट होतो, हे अनेकांना पटत नाही, अशी डार्विन यांची खंत होती. उत्क्रांतीच्या सिद्धान्तालाही हाच अडसर होता.

उतारवयात त्यांनी गांडुळांच्या कुंड्या थेट घरात आणल्या. मुलगा फ्रान्सिस बसून वाजवी, एमा पियानो वाजवीत; गांडुळे ढिम्म राहत. कुंडी पियानोवर ठेवताच मात्र कंपनाने ती बिळात शिरत. पाने बिळात ओढताना ती सोयीचे टोक निवडतात, हे त्यांनी कागदाचे त्रिकोण कापून पडताळले. १८७७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, गाडले जाणारे दगड पाहण्यासाठी ते स्टोनहेंजलाही गेले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा हिशेब होता.

ऑक्टोबर १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या हजारो प्रती अल्पावधीत खपल्या. हिरवळीवर मातीच्या ढिगुल्या घालणारी कीड म्हणून माळी ज्याचा तिटकारा करीत, त्या जिवाला नांगरापूर्वीचा नांगऱ्या हा मान मिळाला. अवघ्या सहा महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचे निधन झाले.

फुलझाडांचा वाफा वारंवार खणला की मातीत दडलेले तणाचे बी उजेडात येऊन रुजते. त्याऐवजी वाफ्यावर पाल्याचे आच्छादन घातले, तर तण दबते आणि तो पाला गांडुळेच मातीत ओढून नेतात. खुरप्याचे बरेचसे काम अशा रीतीने वाचते, हे आज बागकामाचे जाणकार सांगतात. त्यामागची गांडुळाची मेहनत डार्विन यांनी चार दशकांहून अधिक काळ मोजली होती.