एकशे चोवीस सेकंद

मी पक्की कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिहिणार म्हटल्यावर आमच्या विंगमधल्या सगळ्याजणी आधी पोट धरून हसल्या. त्यात विषय काय, तर बॉक्सिंग! मुष्टियोद्धा हा शब्द मला रूममेटकडून लिहून घ्यावा लागला. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

झालं असं, की गेल्या सेमला मला एम-थ्रीमध्ये केटी लागली. पहिल्या वर्षी डिस्टिंक्शन होतं, त्यामुळे हवा डोक्यात गेली होती. निकालानंतर दोन दिवस मी मेसलाही गेले नाही. तिसऱ्या रात्री रूममेटने मॅगी करायला ठेवली आणि सहज लॅपटॉपवर एक जुनी काळी-पांढरी फिल्म लावली. मॅगी शिजायच्या आत मॅच संपलीसुद्धा! फक्त १२४ सेकंद. जिंकणाऱ्याचं नाव होतं जो लुईस. मला बॉक्सिंगमधलं फक्त मोहम्मद अली हे नाव माहीत होतं. मग मी या माणसाच्या मागेच लागले.

जोसेफ लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात झाला. घर कापूसवेचणीवर जगणाऱ्या कृष्णवर्णीयांचं. आजी-आजोबांची पिढी गुलामगिरीतून आलेली. १९२६ च्या सुमारास हे कुटुंब डेट्रॉइटला आलं. पोराने व्हायोलिन शिकावं म्हणून आई पोटाला चिमटा काढून फीचे पैसे द्यायची आणि हा पठ्ठ्या ते पैसे व्यायामशाळेत भरायचा! काही काळ त्याने फोर्डच्या कारखान्यातही काम केलं. पहिल्याच हौशी सामन्यात बेदम मार खाल्ला, पण सोडलं नाही. ४ जुलै १९३४ ला तो व्यावसायिक बॉक्सर झाला.

तो काळ समजून घ्यायला हवा. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. १९१५ मध्ये त्याचं विजेतेपद गेलं आणि पुढची बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला त्या किताबासाठी लढू दिलं गेलं नाही. म्हणून लुईसच्या मॅनेजर लोकांनी त्याला नियमच घालून दिले होते. हरलेल्या माणसासमोर आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. म्हणजे रिंगमध्ये जिंकायचं आणि बाहेर मान खाली घालून वावरायचं. वाचताना मला फार राग आला.

त्याचं कौशल्य बघायचं तर त्याचे पाय बघा. तो नाचत नाही. छोटी छोटी पावलं टाकत पुढे सरकतो, पण तोल कधी जात नाही. त्याचा ठोसा लांबून फिरवून येत नाही, अगदी जवळून, सरळ रेषेत येतो. एकामागून एक, कॉम्बिनेशनमध्ये. कुठेही एनर्जी वाया नाही. मेकॅनिक्सच्या सरांनी वर्गात दाखवावं असं काम! हे सगळं शिकवलं जॅक ब्लॅकबर्न या त्याच्या प्रशिक्षकाने.

तरीही १९ जून १९३६ ला तो हरला. समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग होता. लुईस तोवर अपराजित, त्यामुळे निर्धास्त. सराव सोडून गोल्फ खेळत बसायचा. श्मेलिंगने मात्र त्याच्या फिल्म्स पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि एक चूक हेरली. डावा जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो. बस्स, त्या फटीतून उजवा ठोसा घालत घालत बाराव्या फेरीत त्याने लुईसला आडवं केलं. नाझींना तर आयताच प्रचार मिळाला.

२२ जून १९३७ ला जेम्स ब्रॅडॉकला हरवून लुईस जगज्जेता झाला. पण श्मेलिंगला हरवेपर्यंत तो स्वतःला विजेता मानायला तयार नव्हता. बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ ला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार लोकांसमोर दोघं पुन्हा उभे राहिले. पुढचे १२४ सेकंद मी वर सांगितलेच. श्मेलिंग तीन वेळा खाली पडला. गंमत म्हणजे कालपर्यंत ज्याला शेजारी बसू देत नव्हते, त्याच्यासाठी त्या रात्री गोरी अमेरिकाही ओरडत होती.

जवळजवळ बारा वर्षं त्याने किताब राखला, २५ वेळा यशस्वी बचाव केला. महायुद्धात तो सैन्यात भरती झाला. १९४२ मधल्या दोन लढतींची कमाई त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली. आणि सरकारने काय केलं? त्या दान केलेल्या पैशावरही कर लावला! ज्या माणसाने गरिबीत घराला मिळालेली सरकारी मदत पुढे आपणहून परत फेडली होती, त्याच्या मागे कराचा ससेमिरा लागला. तो स्वतः उधळ्या होता हेही खरं. व्याज चढत चढत देणं दहा लाख डॉलरच्या पुढे गेलं. निवृत्त झालेला लुईस पैशासाठी पुन्हा रिंगमध्ये आला आणि १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोकडून हरला. पुढे नकली कुस्त्या केल्या, आजारपण आलं, शेवटी लास व्हेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी केली. ती मार्सियानोची लढत मी पूर्ण बघू शकले नाही. लॅपटॉप बंद केला.

१२ एप्रिल १९८१ ला तो गेला. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार कुणी लावला माहितेय? मॅक्स श्मेलिंगने! युद्धानंतर दोघं जिवलग मित्र झाले होते. अडचणीच्या दिवसांतही श्मेलिंगने त्याला पैशाची मदत केली होती.

मित्रांनो, १९३६ आणि १९३८ मधला लुईस एकच होता. फरक एवढाच की मधल्या काळात त्याने आपला खाली येणारा डावा हात मान्य केला आणि सुधारला. मीही एम-थ्रीची जुनी गणितं काढून बसले. माझा डावा हात सापडला. लाप्लासमध्ये घाईत स्टेप्स गाळते आणि चिन्ह चुकवते. दोन महिने तेवढ्यावरच काम केलं.

केटीचा पेपर दिलाय. निकाल अजून लागायचाय. पण या वेळी मी मेसला रोज जाते आहे.